बाबांनी एक नाव गाळलं

आमच्या घराण्यात बाईला सगळं ठाऊक असतं आणि काहीच ठाऊक नसतं. पितर अंगणात येतात तेव्हा त्या कापडांच्या ढिगाखाली गावातला कोण पुरुष आहे हे आम्हांला कुणी सांगावं लागत नाही. चालीवरून कळतं, खोकल्यावरून कळतं, आदल्या दिवशी कुणाच्या बायकोनं पिठाचा उकडलेला गोळा, अमाला, जास्तीचा शिजवला त्यावरूनही कळतं. पण बोलायचं नाही. बाईला गुपित कळलंच तर तिनं ते गिळावं, असं आमची म्हातारी माणसं सांगत आली. मी उभा जन्म गिळत आले. आता मला दंड करतील असे सगळे पुरुष मातीखाली गेलेत, आणि माझ्या पोटात आणखी जागा नाही. म्हणून सांगते.

मी आवेरो. आमच्या इकिरुन गावच्या बाजारात वाळवलेल्या कोनफळाचं पीठ विकत आयुष्य गेलं. आमचं घर ओजे घराण्याचं, म्हणजे पितरांचं कापड सांभाळणारं. बाबा त्या घराचे प्रमुख होते. पुरुषांनी कापड पांघरायचं आणि बायकांनी ओरिकी म्हणायची, घराण्याची कीर्ती गायची, अशी आमच्याकडे वाटणी. आम्ही गायल्याशिवाय पितराचं पाऊल उचलत नाही. गावातल्या सगळ्या बायकांत माझा गळा मोठा, हे माझे शत्रूही कबूल करायचे.

माझ्या पाठचा भाऊ ओजेवुमी. हा पोरगा चालायला शिकला तोच बाबांच्या मागे, त्यांच्यासारखा डावा खांदा पाडून. बाबा बोलले की हा कोपऱ्यात उभा राहून तसंच बोलायचा, आणि आई चुलीपासून "ओ" द्यायची. पुढे तो फिरत्या नाटक मंडळीत गेला. बाबांनी अडवलं नाही. "नाटकवाले आपल्यातूनच निघाले," असं म्हणायचे. पोरानं स्वतःची मंडळी काढली, बस घेतली, बसवर स्वतःचं तोंड रंगवून घेतलं. ती बस गावात शिरली की बाबा ओसरीवर येऊन उगीचच खाकरायचे, लोकांनी बघावं म्हणून.

मग त्यानं ते नाटक लिहिलं. त्यात एक लबाड सरदार असतो. पितरांचं कापड पांघरून तो विधवांना भिववतो आणि त्यांच्या जमिनी लाटतो. शहरात शिकलेली एक मास्तरीण गावात येते. शेवटच्या प्रवेशात ती सरळ चालत जाते आणि त्या पितराच्या तोंडावरचं कापड ओढून काढते. खाली सरदाराचं घामेजलेलं तोंड. इबादान शहरात म्हणे लोक उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. मोठमोठ्या लोकांनी सांगितलं, जुनाट समजुतींवर असा घाव कुणी घातला नव्हता.

आमच्या गावात खेळ झाला शाळेच्या सभागृहात. पुढच्या रांगेत मधोमध बाबा, सणाचा निळा घोळदार अगबादा घालून. पोरानंच हात धरून आणून बसवलं होतं. त्याला वाटलं, बाबांना नाटक कळतं, तेव्हा हेही कळेल. नटीनं कापडाला हात घातला तसे बाबा उठले आणि मधल्या वाटेनं बाहेर गेले.

"बाबा, ते कापड बाजारातलं होतं," ओजेवुमी अंगणात धावत येऊन म्हणाला. "शिंप्याकडून शिवून घेतलेलं. आपल्या कापडाला मी बोट तरी लावलं का?"

"आपलंही कापड कुणी शिंप्यानंच शिवलं होतं," बाबा म्हणाले. "ते पितर कशानं झालं? आयाबाया त्याच्याकडे बघून गप्प राहिल्या, म्हणून झालं. तू तिकीट लावून त्यांचं गप्प राहणं मोडलंस. जा, माझ्या घरात तुझं ताट नाही."

मला त्या वेळी दोघांचाही राग आला होता. नाटक खोटं नव्हतं. असे सरदार आमच्याकडे होऊन गेलेत, आणि ते बाबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणून तर झोंबलं. पण पोरानं तरी बापाला पुढच्या रांगेत बसवून ते करायचं होतं का?

काही दिवसांनी तो माफी मागायला आला. सकाळी, मोटारीतून, एकटा. पांढऱ्या कपड्यांनिशी दारात पालथा पडला, कपाळ मातीला लावलं. बाबांनी दार लावून घेतलं. तो उठला, कपडे झटकले आणि निघून गेला तो गेलाच.

आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की बापाची माफी मागायला एकट्यानं जायचं नसतं. काका घ्यायचा, मामा घ्यायचा, गल्लीतले दात पडलेले दोन म्हातारे घ्यायचे, त्यांनी आपल्या वतीनं रदबदली करायची. सोबत मानाच्या कोलाच्या बिया. पहिल्या खेपेला बाप हाकलणारच, त्याला हाकलावंच लागतं. मग पुढल्या बाजाराच्या दिवशी तेच म्हातारे घेऊन परत जायचं. पण ओजेवुमी इबादानला फार राहिला होता. तिथली माणसं नाही म्हणतात तेव्हा नाहीच म्हणतात. त्यानं बाबांचं नाही तसंच घेतलं.

वर्षं गेली. मंडळी मोडली, बस विकली, तो टीव्हीवर गेला. गुरुवारच्या मालिकेत तो म्हाताऱ्या सरदाराचं काम करायचा, आणि सगळा मुलूख त्याच्या आवाजाच्या नकला करायचा. आमच्या घरात टीव्ही नव्हता आणि त्याचं नावही नव्हतं. मग बाबा आजारी पडले आणि गेले. त्याला कळेपर्यंत पुरूनही झालं होतं.

पुरलं म्हणजे संपलं, असं आमच्याकडे नसतं. मेलेला घरधनी एकदा परत येतो. पितर होऊन अंगणात येतो, बायकोचा निरोप घेतो आणि मुलांना एकेकाला नावानं हाक मारून आशीर्वाद देतो. जिवंतपणी जे तुटलं ते त्या दिवशी सांधता येतं. त्या दिवशी ज्याचं नाव गळलं त्याचं कायमचं गळलं. त्याची मुलं या अंगणात नाचायची नाहीत, तो मेल्यावर या मातीत यायचा नाही. माझ्या भावाचं जे काही व्हायचं ते त्या एका दुपारी होणार होतं, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पण बाबा होऊन येणार कोण? येणाऱ्याची चाल, आवाज, खांदा, सगळं हुबेहूब बाबांचं हवं, नाहीतर विधवेचं मन निवत नाही. बाबांनंतरचे प्रमुख म्हणजे ओजेतोला काका, बुटके, जाड, एका गुडघ्यानं अधू. धाकटा भाऊ सॅम्युएल मिशनच्या शाळेत मास्तर. तो म्हणाला, मी प्रार्थना करीन, पण त्या कापडाला हात लावणार नाही. उरला एकच. ज्यानं तोंडावरचं कापड काढलं त्यानंच ते घालावं, हाच त्याला दंड, असं काकांनी इतर म्हाताऱ्यांना पटवलं म्हणे. मला कसं कळलं? काका माझ्याकडून दोन माणसांचं पीठ घेऊन गेले, आणि पितरांचं कापड जिथे चढवतात त्या राईकडे जाणाऱ्या वाटेवर बुटांचे ठसे होते. आमचे काका जन्मभर अनवाणी.

मी आईला विचारलं, "आई, शेवटी शेवटी बाबा त्याच्याबद्दल काही बोलले का गं?"

"मला विचारू नकोस. पितरांच्या काठीवर माझा हात ठेवून वचन घेतलंय त्यांनी. पोराला एक अक्षर सांगायचं नाही म्हणून."

"म्हणजे काहीतरी आहे."

"आवेरो, पीठ चाळ."

तेवढ्यात काका आले. नवऱ्याच्या घरातल्या प्रत्येक पुरुषाला आमच्या बायका नवराच म्हणतात, आणि आईला तर ती सवलत फार आवडायची.

"या धाकटे नवरोबा," ती म्हणाली. "उद्या माझा मोठा नवरा येतोय म्हणे. धड चालत येईल ना? का तुमच्या गुडघ्यावर?"

"वहिनी, मेलेल्याची चाल मेलेल्याला ठाऊक. बायकांनी चुलीकडे बघावं."

"चुलीकडेच बघतेय. दोघांचं जेवण राईत जातंय, तेही तिथूनच जातं."

काकांना ठसका लागला. आईनं त्यांना पाणी दिलं, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "नावं घेतील ना ते? सगळ्या मुलांची?"

काकांनी भांडं खाली ठेवलं. "वहिनी, दादा जिवंतपणी जे म्हणाले तेच उद्या म्हणतील. कमी नाही, जास्त नाही. येणाऱ्याला मी तसं बजावलंय. आपल्या पदरचं घालायला हे काय नाटक आहे?"

काका गेल्यावर आई कितीतरी वेळ नुसती चुलीसमोर बसून होती. फुंकणी हातात, पण फुंकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरू लागलं तसा बाता ढोल वाजायला लागला. आम्ही बायका चटयांवर बसलो होतो. आई मध्ये, विधवेच्या कपड्यांत. सॅम्युएल ओसरीवर, गळ्यात टाय बांधून, आपण इथे आहोत आणि नाही अशा बेतानं उभा. धाकटी बहीण आसाबी मला चिकटून बसली होती. राईच्या वाटेनं कापडांचा डोंगर हलत आला. सगळ्यांत वरचं कापड म्हणजे बाबांचा निळा अगबादा, गळ्याशी कोलाचा डाग तसाच. तोंडाच्या जागी विणलेली जाळी. डावा खांदा पडलेला, उजवं पाऊल जरा घासत टाकलेलं.

"बाबा!" आसाबी किंचाळली.

आत कोण आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी चटईवरून अर्धी उठले. मी गळा साफ केला आणि सुरू केलं:

"लांब कापडाच्या धन्या, ओजेच्या लेकरा,
वाट झाडत येतोस, झाडूला काम ठेवत नाहीस,
काल गेलास, आज आलास,
सांग, तिकडची कोनफळं तरी गोड आहेत का?"

पितर आईसमोर थांबले. घशाच्या तळातून तो घोगरा आवाज आला, आणि त्या घोगरेपणाच्या आत बाबांचा.

"आमोके, रडून डोळे घालवू नकोस. सुईत दोरा कोण ओवणार?"

आई रडता रडता हसली. बाबा अगदी असंच बोलायचे, मायेचं बोलायचं असलं की काहीतरी काम सांगायचे.

"आवेरो, गळा सांभाळ. बाजारात गिऱ्हाइकांवर खर्च करू नकोस, तो या घराचा आहे. सॅम्युएल! टाय सैल कर, गुदमरशील. तुझ्या देवाशी माझं भांडण नाही, आम्ही आता शेजारी आहोत." बायका खदखदल्या, सॅम्युएलचा हात खरंच गळ्याकडे गेला. "आसाबी, तुझ्या पाठीला बांधायला नेहमी लेकरू असो."

आता, मी मनात म्हटलं. आता घे. आत तूच आहेस, जाळीमागून बोलणारा तूच आहेस, घे स्वतःचं नाव! कोण पितराला खोटं म्हणणार आहे? काकासुद्धा म्हणू शकत नाहीत.

"माझी नावं झाली," पितर म्हणाले. "घर सांभाळा. मी जातो."

आणि वळले. मला असा संताप आला की मी गाणं अर्ध्यात सोडलं. मग हळूहळू कळलं, आणि संताप उतरला. बाबा जे म्हणाले नव्हते ते बाबांच्या तोंडी घालायला तो तयार नव्हता. पितरांना बाटवल्याचा ज्याच्यावर ठपका, तोच आमच्या सगळ्यांत सोवळा निघाला होता.

"थांबा," आई म्हणाली.

ती चटईवरून उठली. विधवेनं उठायचं नसतं. बाता थांबला.

"वहिनी," काका काठी पुढे करून म्हणाले, "पितरांना अडवू नये. उन्हं कलली."

"पितरांना कोण अडवतंय? मी माझ्या नवऱ्याला अडवतेय. जन्मभर माझं बोलणं अर्धं ऐकून उठून जायचे. आज पुरतं ऐकून जातील." ती कापडापासून हातभर अंतरावर थांबली, जवळ गेली नाही. "एक मूल राहिलं तुमचं."

पितर मागे वळले.

"का राहिलं ते मला माहीत आहे. तुम्ही माझ्याकडून वचन घेतलंत, पोराला सांगायचं नाही. मी सांगितलं नाही. आजही सांगत नाही. मी तुमच्याशी बोलतेय. बायकोनं नवऱ्याशी बोलू नये असं काही कुणी काठीवर हात ठेवून घेतलेलं नाही."

काकांनी काठी मागे घेतली.

"दर गुरुवारी तिन्हीसांजेला अगबादा शिवायला टाकून येतो म्हणून जात होतात. किती अगबादे शिवलेत हो? पेटीत तर हा एकच निघाला. शिंप्याच्या दुकानात टीव्ही होता. टोपी डोळ्यांवर ओढून मागच्या बाकावर बसायचात, पोराची मालिका बघत. घरी येऊन मला सांगायचात, 'आमोके, चोरानं माझी चाल उचललीय, पण खांदा जास्त पाडतो.' आणि एकटेच हसायचात. आठवतं ना?"

अंगणात एक मूल रडत होतं, त्याच्या आईनं त्याला छातीशी धरलं.

"ज्या सकाळी दार लावलंत त्या दिवशी जेवला नाहीत. म्हणालात, 'पहिल्या खेपेला प्रमुखाला दार लावावंच लागतं. म्हातारे घेऊन परत येईल तेव्हा उघडेन.' मग प्रत्येक बाजाराच्या दिवशी ओसरीवर बसायचात. कोणाची वाट बघत होतात? मी म्हटलं, निरोप धाडा. तर म्हणे, बापानं निरोप धाडायचा का? त्याला तुमची रीत ठाऊक नव्हती हो, विसरला होता, आणि तुम्हांला त्याचं विसरणं ठाऊक नव्हतं. दोघं एकासारखे एक. शेवटी अंथरुणावर कूस बदलवत नव्हती, तरी उशी दाराकडे करून घेतलीत. आणि आता म्हणता, माझी नावं झाली. खोटं बोलू नका. जिवंतपणी चालून गेलं, मेलेल्याला शोभत नाही."

कापडाचा डोंगर वरपासून खालपर्यंत थरथरायला लागला. काकांनी मान खाली घातली. ते अडवणार नव्हते. त्यांनाही यातलं काही ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"ओजे..." पितर म्हणाले, आणि आवाज फुटला. घोगरेपणा गळून पडला, बाबाही गळून पडले. राहिला तो एका बाप्याचा रडका आवाज, आणि तो आवाज अंगणातली प्रत्येक बाई दर गुरुवारी ऐकत होती.

जे रंगमंचावर झालं होतं ते आता खरोखरीच्या अंगणात होत होतं, खऱ्या कापडाखाली, सगळ्या गावच्या बायकांसमोर. मी विचार केला नाही. असेल नसेल तेवढा श्वास ओढला आणि ओरिकी उचलली, इतक्या वर की माझेच कान बधिर झाले. शेजारणीनं लगेच सूर धरला. मग तिच्या पलीकडचीनं. ज्यांना गळा नव्हता त्या टाळ्या पिटू लागल्या, आसाबी पातेलं बडवू लागली, लेकरं घाबरून रडू लागली तेही कामी आलं. कुणी कुणाला खुणावलं नव्हतं. कुणी कापडाकडे पाहतही नव्हतं, सगळ्या आकाशाकडे बघून गात होत्या. बाताच्या पोरांनीही हात चालवले. नाटकात एका बाईनं कापड ओढलं होतं. इथे अंगणभर बायकांनी ते धरून ठेवलं.

त्या गदारोळात तो काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. आई समोर उभी राहून मान हलवत होती. मला एक शब्द ऐकू आला नाही. मग काकांनी काठीनं वाट मोकळी केली आणि पितर राईकडे गेले, खांदा पाडून, पाऊल घासत, अगदी बाबांसारखे.

चटया गुंडाळून होताहेत तोच समोरच्या रस्त्यानं ओजेवुमी आला. हातात प्रवासाची पिशवी, अंगावर स्वच्छ कपडे, डोळे लाल. इबादानहून आत्ता उतरलेला माणूस कसा दिसावा, तसा सगळा वेष त्यानं केला होता. त्याच्यामागून गल्लीतले दोन म्हातारे येत होते. वाटेत त्यांना गाठून घेऊन आला होता. दारात तो पालथा पडला. म्हातारे काहीबाही रदबदली करू लागले. सॅम्युएलनं पुढे होऊन पिशवी उचलली, घरात नेली, आणि बाहेर येऊन म्हणाला, "दादा, फार उशीर केलास."

"ऊठ रे," आई म्हणाली. "कपडे मळतील. आत्ताच तुझे बाबा येऊन गेले."

त्यानं मान वर केली. आता त्यानं विचारायचं होतं, सगळेजण थांबले होते.

"काय... काय म्हणाले, आई?"

"तुझं नाव घेतलं. आधी विसरले होते, म्हातारपण. मी आठवण करून दिली, मग घेतलं."

आता त्यानं फक्त "हो का?" म्हणायचं होतं. बाहेरून आलेला माणूस म्हणतो तसं. सगळा मुलूख ज्याच्या नकला करायचा त्या माझ्या भावाला तेवढे दोन शब्द काही केल्या बोलता येईनात.